ठिपका आणि वर्तुळ

सोसायटीच्या पुनर्विकासाचं एकदा ठरलं की आवारात सगळ्यांत आधी येतो तो सर्व्हेअर. तिवईवर टोटल स्टेशन लावून तो हद्दीचे कोपरे घेतो, इमारतीची कड, गेट, बोअरवेल, ड्रेनेजचे चेंबर, विजेचा डीपी घेतो आणि झाडंही घेतो. काही दिवसांनी जो नकाशा हाती येतो त्यात प्रत्येक झाड म्हणजे एक ठिपका असतो. शेजारी क्रमांक आणि लिहिलीच तर जात: वड, चिंच, पर्जन्यवृक्ष. आर्किटेक्ट याच नकाशावर इमारत मांडतो. ठिपका भिंतीच्या बाहेर पडला तर ते झाड ‘राखायचं’, आत पडला तर ‘कापायचं’ किंवा ‘दुसरीकडे लावायचं’. मुंबईत वृक्ष प्राधिकरणापुढे येणाऱ्या प्रस्तावांमध्ये झाडांची वाटणी याच तीन रकान्यांत झालेली दिसते.

शहरातली जुनी झाडं मरतात ती या ठिपक्यापायी, असं माझं मत आहे. करवत फार नंतर येते. जुन्या झाडाला जमीन किती लागते हे नकाशा काढतानाच दाखवलं नाही, तर पुढची नोटीस, हरकती, आंदोलनं, भरपाईची रोपं हे सगळं वरातीमागून घोडं ठरतं. दाखवलं तर मात्र बऱ्याच आवारांत इमारतही उभी राहू शकते आणि झाडही. प्रत्येक ठिकाणी नाही, पण आज जितकी झाडं जातात तितकी जायचं काहीच कारण नसतं.

यासाठी आधी मुळांविषयीचा एक गैरसमज सोडावा लागतो. झाड वर जितकं उंच तितकी मुळं खाली खोल, असं आपण शाळेतल्या चित्रांमुळे धरून चालतो. प्रत्यक्षात मोठ्या झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या मीटरभर थरात असतात आणि पाणी व क्षार शोषणारी बारीक मुळं तर त्याहूनही वर, फूट-दोन फुटांत. ती खोल जात नाहीत, कारण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून ती प्राणवायू घेतात, आणि खाली जावं तशा या पोकळ्या कमी होत जातात. मग झाड आडवं पसरतं. फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्याही बरंच पुढे मुळं गेलेली असतात. पुण्यात, नाशकात, छत्रपती संभाजीनगरात तर हात-दोन हात मातीखाली मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो. तिथे आडवं जाण्यावाचून मुळांना दुसरा मार्गच नसतो.

झाडाला किती जमीन राखावी याचा एक साधा हिशेब बांधकाम क्षेत्रात अनेक देशांत वापरला जातो. ब्रिटनच्या बीएस 5837 या मानकात आणि ऑस्ट्रेलियाच्या मानकातही तोच आहे: छातीच्या उंचीवर बुंध्याचा व्यास मोजायचा, त्याला 12 ने गुणायचं, आणि येईल तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ झाडाभोवती काढायचं. ब्रिटिश मानकात ही त्रिज्या जास्तीत जास्त 15 मीटर धरतात. आपल्याकडची माती, आपला पावसाळा वेगळा, वडासारख्या पारंब्या टाकणाऱ्या झाडाचा बुंधा कुठला म्हणायचा हाही प्रश्न. तरी पहिला अंदाज म्हणून हा हिशेब चांगला आहे, आणि तो कुणालाही शिवणकामाच्या टेपने करता येतो.

समजा आवारात एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. बुंध्याला टेप गुंडाळली तर घेर 3 मीटर 14 सेंटिमीटर भरला, म्हणजे व्यास 1 मीटर. त्रिज्या आली 12 मीटर, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे 452 चौरस मीटर. आपल्या भाषेत साडेचार गुंठ्यांच्या आसपास. प्लॉट 1,000 चौरस मीटरचा, म्हणजे दहा गुंठ्यांचा असेल तर एक झाड जवळपास निम्मा प्लॉट मागतं. नकाशावरच्या त्या ठिपक्याचा खरा आकार हा आहे.

आकडा ऐकून कोणत्याही सर्वसाधारण सभेत कपाळाला आठ्या पडतील, आणि ते साहजिक आहे. पण बहुतेक जुनी झाडं प्लॉटच्या मधोमध नसतात. ती कंपाउंडच्या भिंतीलगत असतात, कारण पन्नास वर्षांपूर्वी तिथेच लावली गेली. म्हणजे वर्तुळाचा निम्मा भाग रस्त्याखाली किंवा शेजाऱ्याच्या जागेत जातो, आणि आपल्या वाट्याला सव्वादोन गुंठे उरतात. शिवाय वर्तुळाच्या आत पाऊलच टाकायचं नाही असंही नाही. तिथे खोदायचं नाही, भराव घालायचा नाही, माती दाबायची नाही. चालायला, बसायला, मुलांना खेळायला ती जागा मोकळीच असते.

आता त्या सव्वादोन गुंठ्यांवर नव्या इमारतीतलं काय काय येऊन बसतं ते बघू.

पहिलं तळघर. वर इमारत कितीही आत असली तरी पार्किंगचं बेसमेंट बहुधा हद्दीच्या भिंतीजवळपर्यंत खोदतात. नकाशावर झाड इमारतीच्या बाहेर आहे, रकान्यात ‘राखायचं’ असं लिहिलेलं आहे, आणि त्याच्या बुंध्यापासून दोन-तीन मीटरवर वीस फूट खोल खड्डा आहे. एका बाजूची मुळं गेली. खड्ड्यात पाणी झिरपू नये म्हणून महिनोन्‌महिने पंप चालतो, तेव्हा उरलेल्या बाजूची मातीही कोरडी होत जाते.

दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे अग्निशमन बंबाचा रस्ता. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उंच इमारतीभोवती बंब फिरू शकेल असा 6 मीटर रुंदीचा पक्का रस्ता लागतो. वळणावर 9 मीटरची त्रिज्या लागते आणि पृष्ठभाग 45 टनांपर्यंतचं वजन पेलणारा असावा लागतो. नियम योग्यच आहे. बाराव्या मजल्यावर आग लागली तर शिडी तिथवर पोचलीच पाहिजे. पण इमारत आणि कंपाउंड यांच्यामधली ही सहा मीटरची पट्टी म्हणजे नेमकी जुन्या झाडांची जागा. रस्त्यासाठी माती खरवडून काढतात, सोलिंग भरतात, रोलर फिरवतात, वर काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक येतात. झाड उभंच राहतं, पण त्याच्या श्वासावर छत पडतं.

तिसरं म्हणजे नळ, मलवाहिन्या, केबल. प्रत्येकाचा चर वेगळा आणि प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा. जेसीबीचा एक चर बुंध्याजवळून सरळ गेला की त्या बाजूची दूरवर पसरलेली सगळी मुळं एका दुपारी तुटतात. वरून काहीच दिसत नाही. पानं हिरवी असतात, झाड साठवलेल्या अन्नावर जगत असतं.

आणि चौथी, बांधकाम चालू असतानाची रोजची झीज. साइटवर सावली एकाच ठिकाणी असते. म्हणून स्टील कटिंगचं यार्ड झाडाखाली, सिमेंटच्या गोण्या झाडाखाली, मजुरांच्या चुली झाडाखाली. क्रश सँडचा ढीग बुंध्याला टेकवलेला. काँक्रीटच्या गाड्या त्याच कोपऱ्यात वळतात आणि ड्रम धुतलेलं पांढुरकं पाणी तिथेच सोडतात. सिमेंटच्या त्या पाण्यानं माती अल्कधर्मी होते आणि मुळांना लोह, जस्त घेता येईनासं होतं. माती गाड्यांच्या वजनानं विटेसारखी घट्ट झाली की पावसाचं पाणी आत जात नाही, वरून वाहून जातं. हे सगळं थांबवायला फार खर्च येत नाही. वर्तुळाभोवती पत्र्याचं कुंपण, पहिला ट्रक आत यायच्या आधी. पाया खणायच्या आधी लावलेलं हे कुंपण त्यानंतर खर्च केलेल्या लाखो रुपयांपेक्षा जास्त काम करतं.

बंबाच्या रस्त्यालाही उपाय आहेत. मुळांवरून न खोदता रस्ता नेण्याची पद्धत जगात रुळलेली आहे. मधाच्या पोळ्यासारखी खणांची जाळी जमिनीवरच अंथरतात, खणांत धूळ नसलेली खडी भरतात. वजन खणांमध्ये वाटलं जातं आणि हवा-पाणी खाली जात राहतं. वजन फार असेल तर मुळं चुकवून काही थोडे पाइल घेतात आणि त्यांवर जमिनीपासून थोडा उचललेला स्लॅब टाकतात. खर्च नेहमीच्या रस्त्यापेक्षा जास्त येतो हे खरं, पण तो रस्त्याच्या एका तुकड्यापुरताच असतो. अट एकच, अग्निशमन अधिकाऱ्यांशी हे बोलणं आराखडा मंजुरीला जायच्या आधी व्हायला हवं. मंजूर नकाशा हातात घेऊन गेल्यावर तिकडून काही हलत नाही.

विकासकाशी बोलताना एक गोष्ट फार स्पष्टपणे मांडायला हवी: झाड एफएसआय खात नाही. किती चौरस फूट बांधता येईल हे प्लॉटच्या क्षेत्रफळावर ठरतं, जमिनीचा किती भाग इमारतीनं झाकला यावर नाही. सव्वादोन गुंठे झाडाला दिले म्हणून विक्रीचे फ्लॅट सव्वादोन गुंठ्यांनी कमी होत नाहीत. तेवढंच बांधकाम जरा आटोपशीर पायावर आणि एक-दोन मजले उंच नेता येतं. झाडापायी खरोखर कमी होतं ते पार्किंग, आणि अडचण येते ती समासाच्या अंतरांची, म्हणजे मार्जिनची. पार्किंगला यांत्रिक स्टॅकचा पर्याय आहे. मार्जिनमध्ये सवलत देण्याचे अधिकार आयुक्तांना आहेतच. मुंबईत तर मोकळी जागा कमी पडली म्हणून प्रीमियम भरून अशी सवलत घेणं हा नेहमीचा रिवाज आहे. आराखडा बसत नाही म्हणून जी सवलत मिळते, ती झाड बसावं म्हणून प्रीमियम न घेता द्यायला काय हरकत आहे? महाराष्ट्रात वारसा इमारतीच्या मालकाला न वापरता येणारा एफएसआय हस्तांतरणीय विकास हक्क म्हणून, टीडीआरच्या रूपात, विकता येतो. वारसा वृक्षाला असं काही असायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. झाड राखल्यानं मालकाचं नुकसान होत असेल तर ते शहरानं भरून द्यावं; फायदा तर सगळ्या गल्लीचा होतो.

मोकळी जागा ठेवण्याचा नियमही इथे कामी येतो. दादरच्या कोहिनूर प्रकल्पाच्या प्रकरणात 17 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुंबईच्या 1991 च्या नियमावलीत रहिवाशांसाठी जी किमान मनोरंजनाची मोकळी जागा ठरवलेली होती ती जमिनीवरच हवी, पोडियमच्या गच्चीवर दाखवून चालणार नाही. त्या नियमावलीत 1,001 ते 2,500 चौरस मीटरच्या प्लॉटला 15 टक्के जागा सोडावी लागे. म्हणजे 2,500 चौरस मीटरला 375. मघाच्या पर्जन्यवृक्षाचं अर्धं वर्तुळ 226 चौरस मीटरचं होतं. जी जागा कायद्यानं सोडायचीच आहे ती कुठल्यातरी सापडेल त्या कोपऱ्यात तुकड्यातुकड्यांनी न सोडता जुन्या झाडाखाली सलग सोडली, तर झाडासाठी वेगळं असं काही द्यावंच लागत नाही. पण हे सुचायला नकाशावर वर्तुळ दिसावं लागतं. ठिपक्याभोवती बाग सुचत नाही.

अर्थात काही ठिकाणी गणित बसतच नाही. अरुंद रस्त्यावर उंची वाढवता येत नाही, विमानतळाच्या परिसरात तर अजिबात नाही. पाच-सहा गुंठ्यांचा प्लॉट, मधोमध उंबर, तीस कुटुंबं, गळका स्लॅब, जिन्याच्या सळ्या उघड्या पडलेल्या. अशा घरात राहणाऱ्या माणसाला झाडाचं प्रेम शिकवायला जाणं हा उद्धटपणा आहे. तिथे झाड जाईल, आणि ते विचार करून गेलेलं असेल तर तक्रार नाही. तसंच झाडाच्या नावानं हरकत घेऊन मनातला दुसराच राग काढणारे सभासदही असतात. कुणाला जादा चटईक्षेत्र हवं असतं, कुणाला विकासकच नको असतो. त्यांच्यामुळे खरी हरकतही संशयास्पद ठरते. म्हणूनही मोजमाप लवकर झालेलं बरं. घेर, त्रिज्या, वर्तुळ कागदावर आलं की वाद कुणाच्या हेतूवरून जागेवर येतो.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रातल्या शहरांसाठी 1975 चा झाडांच्या संरक्षण आणि जतनाचा कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी असतो, दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायला हवी, आणि खासगी आवारातलं झाड असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. तोडण्याच्या प्रस्तावाची नोटीस झाडावर चिकटवली जाते, वर्तमानपत्रात येते, लोकांना हरकत घेता येते. मुंबईच्या मागच्या गणनेत सुमारे 29 लाख 75 हजार झाडं मोजली गेली.

2021 मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड म्हणजे वारसा वृक्ष, अशी व्याख्या आली. झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची, ती सहा ते आठ फूट उंचीची असावीत, त्यांची जागा जिओ-टॅग करावी आणि सात वर्षं निगा राखावी, असं बंधन आलं. पाच वर्षांपेक्षा मोठी 200 किंवा अधिक झाडं जाणार असतील तर प्रकरण राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे पाठवण्याची तरतूदही तेव्हा झाली. दुरुस्ती चांगल्या हेतूनं झालेली आहे. मात्र ‘वारसा’ हे नाव मिळालं म्हणून झाडाला अभय मिळत नाही. तोडण्याची प्रक्रिया कठीण होते, इतकंच.

पन्नास वर्षं या आकड्यात एक योगायोग दडलेला आहे. आज पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्या बहुतांशी 1960 आणि 1970 च्या दशकांतल्या. त्यांच्या आवारातली झाडं पहिल्या सभासदांनी ताबा मिळाल्यावर लावलेली. सिमेंटच्या इमारतीचं आयुष्य संपत येतं नेमकी तेव्हाच त्या आवारातली चिंच ऐन उमेदीत येते. म्हणजे येत्या काही वर्षांत पुण्या-मुंबईत जितक्या इमारती पडतील त्यांतल्या पुष्कळांच्या दारात कायद्यानं ठरवलेला वारसा वृक्ष उभा असणार आहे.

वय ठरवायचं कसं, यावर भांडणं होतात. घेरावरून वय काढणं फसवं असतं. पर्जन्यवृक्ष झपाट्यानं वाढतो, चिंच सावकाश. पाइपलाइन गळणाऱ्या कोपऱ्यातलं झाड त्याच जातीच्या कोरड्या जागेतल्या झाडाहून दुप्पट जाड झालेलं असतं. थंड देशांतल्यासारखी वर्षागणिक स्वच्छ वलयं आपल्याकडच्या बहुतेक जातींत मिळत नाहीत. सागासारखे अपवाद थोडे. त्यापेक्षा सोसायटीचं नोंदणीपत्र, पहिल्या गणपतीचे फोटो, कुणाच्या मुंजीचा आवारात काढलेला फोटो, महापालिकेच्या जुन्या मंजूर नकाशाची प्रत हे पुरावे अधिक भक्कम. फोटोत मागे झाड दिसत असेल तर ते जपून ठेवावेत.

रोपांच्या भरपाईकडे जरा बारकाईनं बघू. साठ वर्षांचं झाड गेलं, साठ रोपं लावायची. त्याच प्लॉटमध्ये? तिथे तळघराच्या स्लॅबवर दीड-दोन फूट माती आहे आणि चारी बाजूंनी बंबाचा रस्ता. मग कंपाउंडला लागून सरळसोट वाढणारे आसुपालव किंवा बॉटल पाम येतात, कारण ते फूटभर रुंदीच्या वाफ्यात मावतात. उरलेली रोपं शहराबाहेरच्या एखाद्या टेकडीवर जातात. टेकडीवर झाडं लागली तर चांगलंच, पण त्यानं गल्लीतली दुपार थंड होत नाही. वीस मीटर पसाऱ्याच्या एका झाडाची सावली 314 चौरस मीटरवर पडते, आणि ती पडते तिथेच उपयोगी असते.

शिवाय काही गोष्टी रोपांकडे नसतातच. पुण्यातल्या जुन्या वस्त्यांमध्ये राखी धनेश अजून दिसतो. लांब शेपटी, वाकडी चोच, वडा-पिंपळाच्या फळांवर जगणारा. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड आतून लिंपून घेते; चोच जाईल एवढी फट ठेवते. नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना फळं भरवतो. ही ढोली धनेशाला स्वतः कोरता येत नाही. कधीतरी वादळात मोठी फांदी मोडलेली असते, तिच्या खोबणीत पाणी आणि बुरशी काम करत राहते, कित्येक वर्षांनी आत पोकळी होते, आणि बुंधा तेवढा जाड असावा लागतो. सहा फुटांच्या साठ रोपांत अशी एकही ढोली नसते, आणि त्यांतल्या एखाद्यात ती होईपर्यंत आजची शाळकरी मुलं आजोबा-आजी झालेली असतील. पिंगळे, पोपट, वटवाघळं यांचाही संसार अशाच खोबणींवर चालतो. म्हणून पोकळ बुंधा दिसला की लगेच ‘सडलेलं झाड’ असा शेरा मारणाऱ्यांशी माझं जमत नाही. पोकळ बुंध्याचं झाडही भक्कम असू शकतं. बाहेरचं जिवंत लाकूड किती जाड उरलं आहे ते तपासायला लागतं.

झाडाला पैशात मोजायचाही प्रयत्न झालेला आहे. बंगालमध्ये जेसोर रोडवरची 356 झाडं रेल्वेपुलांसाठी तोडायची होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश शरद बोबडे, मूळचे नागपूरचे, यांच्या खंडपीठापुढे चाललं. न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनं झाडाची किंमत वयाच्या प्रत्येक वर्षामागे 74,500 रुपये धरली. न्यायालयानं हा आकडा नियम म्हणून स्वीकारला नाही. पुढे मार्च 2021 मध्ये नवी समिती नेमली. बंगालची ती झाडं तोडण्याची मुभा 2023 मध्ये मिळाली. आपण तोच आकडा घेऊन पाहू. साठ वर्षांच्या चिंचेची किंमत होते 44 लाख 70 हजार. ऐकायला मोठी रक्कम, पण मुंबईच्या उपनगरात एवढ्यात एक लहान फ्लॅटही धड येत नाही. विकासकाला ही रक्कम भरणं जड नाही. जिथे जमिनीचा भाव असा आहे तिथे दंड आणि भरपाई झाडाला वाचवू शकत नाही. आराखड्यातली जागाच वाचवू शकते.

झाड उचलून दुसरीकडे लावण्याचा, पुनर्रोपणाचा पर्याय सभेत नेहमी निघतो आणि सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरतं. वड, पिंपळ, उंबर यांच्या बाबतीत तो काही वेळा साधतो, कारण त्यांना नव्यानं मुळं फुटतात. मोठा आंबा किंवा जांभूळ हलवलं तर जगण्याची शक्यता फार कमी. नीट करायचं तर काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्यानं मुळं छाटून आत नवी बारीक मुळं फुटू द्यावी लागतात, भलामोठा मातीचा गड्डा बांधावा लागतो, आणि नव्या जागी दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. फांद्या सपाट छाटून, ओंडका क्रेनला टांगून एका रात्रीत नेलेलं झाड म्हणजे पुनर्रोपण नव्हे. साठ वर्षांचं झाड जगलं तरी खांबाच्या रूपात जगतं, सावली परत यायला वर्षं जातात.

काही आवारांत झाडाला मुद्दाम मारलंही जातं. बुंध्याला भोकं पाडून आत रसायन ओतलं जातं, किंवा सालीचा पट्टा गोलाकार सोलला जातो. पानांत तयार झालेलं अन्न सालीलगतच्या थरातूनच मुळांकडे उतरतं. तो थर चहूबाजूंनी तुटला की मुळं उपाशी मरतात आणि वर्षभरात वाळलेलं झाड तोडायला अर्ज येतो. बुंध्याशी ताजा भुसा दिसला, पट्टा सोललेला दिसला, तर तारखेसह फोटो काढून वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार त्याच दिवशी द्यावी. थांबलं की पुरावा सुकतो.

झाड पडण्याची भीती मात्र खरी आहे. दर पावसाळ्यात मुंबई-ठाण्यात झाडं कोसळून माणसं दगावतात, आणि ज्यांच्या खिडकीसमोर भलामोठा पर्जन्यवृक्ष आहे त्यांनी घाबरू नये असं कोण म्हणेल? पण पडलेल्या झाडाचं मूळ बघावं. बहुधा एका बाजूला चर खणताना सरळ कापलेली टोकं दिसतात, बुंध्याला गळ्यापर्यंत काँक्रीट असतं, किंवा इमारतीच्या बाजूच्या सगळ्या फांद्या काढून झाड एकीकडे झुकवलेलं असतं. काँक्रीटबद्दल राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीत आदेश दिला होता की झाडाभोवतीचं एक मीटर अंतरातलं काँक्रीट काढा. मोठ्या झाडाला एक मीटर ही अगदीच तोकडी जागा, तरी बुंधा मोकळा होतो.

सिंगापूरमध्ये 1991 पासून काही भाग वृक्षसंवर्धन क्षेत्र म्हणून ठरवलेले आहेत. तिथे एक मीटरपेक्षा जास्त घेराचं झाड खासगी जागेतही परवानगीशिवाय तोडता येत नाही. जमीन कमी असल्याची सबब त्या शहराला आपल्यापेक्षा जास्त शोभली असती.

आपल्याकडे सोसायटीच्या हातात एक मोठी संधी असते आणि ती अगदी सुरुवातीला असते. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाचा ठराव 51 टक्के सभासदांच्या संमतीनं होतो. आधी प्रकल्प सल्लागार नेमला जातो, तो फिजिबिलिटी रिपोर्ट देतो, मग निविदा निघते, मग विकसन करारनामा होतो. कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडं यांवर सभा रात्री अकरापर्यंत चालतात. त्याच टप्प्यावर सल्लागाराला सांगायचं: मोजणीच्या नकाशात प्रत्येक मोठ्या झाडाचा घेर लिहा आणि वर्तुळ काढा. कोणती झाडं राखायची याची यादी निविदेतच घाला, म्हणजे सगळे विकासक त्याच अटीवर दर भरतील आणि झाडापायी एकाचंच नुकसान होतं असं कुणी म्हणणार नाही. करारावर सह्या झाल्यावर हीच मागणी केली तर तिची किंमत सभासदांच्या कार्पेट एरियातून वसूल होते.

करारात आणखी एक कलम हवं. मुळं तुटलेलं जुनं झाड लगेच वाळत नाही. पहिल्या वर्षी पानं जरा लहान येतात, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शेंड्याकडच्या फांद्या सुकतात, आणि पुढे केव्हातरी ते पूर्ण वाळतं; तोवर विकासक पुढच्या साइटवर गेलेला असतो. नव्यानं लावलेल्या रोपांची निगा सात वर्षं राखण्याचं बंधन कायद्यात आहे. राखलेल्या जुन्या झाडासाठी अशी मुदत करारातच लिहून घ्यावी. रेरा कायद्यानुसार बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं विकासकावर असते. तीच मुदत झाडाला लावायची, झाडामागे ठरावीक रक्कम सोसायटीच्या खात्यात अनामत ठेवायची, दरवर्षी पावसाळ्यानंतर वृक्षतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायची, आणि पाचव्या वर्षाच्या अहवालात झाड जिवंत आणि सुरक्षित असल्याचं लिहून आलं की अनामत परत करायची.